रिकाम्या प्लॉटचं पीक

बीदर, भालकी, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद, कलबुर्गी. यातल्या कुठल्याही गावाची वेस ओलांडली की हल्ली शेत लागण्याआधी प्लॉटिंग लागतं. कालपर्यंत तूर नाहीतर ज्वारी देणारं रान एन.ए. झालेलं असतं. मुरमाचे रस्ते आखलेले, कोपऱ्यांवर दगड रोवलेले, तोंडाशी नव्या नगराच्या नावाची कमान. एखाद-दुसऱ्या प्लॉटवर घर उभं राहिलेलं दिसतं. बाकीचे प्लॉट पुण्या-हैदराबादेत नोकरी करणाऱ्या कुणीतरी पुढे भाव येईल म्हणून घेऊन ठेवलेले असतात. नांगर थांबला, कुळव थांबला, गुरं फिरायची थांबली. मग पहिल्या पावसावर त्या जमिनीत जे पीक येतं, ते कुणी पेरलेलं नसतं. श्रावणापर्यंत ते कमरेला लागतं आणि सगळं रान पांढरं दिसू लागतं. मराठी घरांत त्याला गाजर गवत किंवा काँग्रेस गवत म्हणतात, कानडी शेजारी काँग्रेस कळे म्हणतात. वनस्पतिशास्त्रातलं त्याचं नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस.

हे गवत सगळ्यांच्या ओळखीचं आहे. अंगावर खाज उठते, दम लागतो, जनावराच्या तोंडी गेलं तर वाईट, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. दरवर्षी लोक ते उपटतात, कापतात, जाळतात, आणि पुढच्या वर्षी ते तितकंच उगवतं. या सीमाभागात गावोगाव हे पाहिल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. आपण या गवताशी चुकीच्या महिन्यात आणि चुकीच्या जागी भांडतो. भांडण अंगणात चालतं आणि बी शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर पिकतं. भांडण श्रावण-भाद्रपदात सुरू होतं आणि निकाल आषाढातच लागलेला असतो.

आधी ओळख. फुलावर आलेलं गाजर गवत लहान मूलही ओळखतं, पण तेव्हा ओळखून फारसा उपयोग नाही. ते ओळखायचं जमिनीला चिकटलेलं असताना. रोप उगवल्यावर पहिले काही आठवडे उंच होत नाही. पानांचा गोल चक्राकार घेर जमिनीवर पसरतो आणि त्याखाली दुसरं काही उगवू देत नाही. पानं गाजराच्या पाल्यासारखी खोल कातरलेली, फिकट हिरवी, बारीक लवेची. झेंडूच्या किंवा दवण्याच्या रोपाशी गल्लत होऊ शकते, पण पान चुरगळलं की फरक कळतो, कारण झेंडू आणि दवणा वासावरून लगेच ओळखू येतात. मग मधून दांडा निघतो, त्यावर उभ्या शिरा असतात, वर फांद्या फुटतात आणि टोकांना चार-पाच मिलिमीटरची पांढरी, पाच कोपऱ्यांची फुलं लागतात. प्रत्येक फुलात पाच बिया. एका जोमदार झाडावर १५ ते २५ हजार बिया धरतात. उगवणीपासून पहिल्या फुलापर्यंत साधारण चार ते सहा आठवडे लागतात आणि ओल मिळत राहिली तर वर्षात चार पिढ्याही होतात. मोरीच्या सांडपाण्यावर, नळाखाली, पाण्याच्या टाकीच्या गळतीवर ते ऐन उन्हाळ्यातही फुललेलं दिसतं, ते यामुळेच.

हे मूळचं मेक्सिकोच्या आखाताभोवतालच्या अमेरिकेतलं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाच्या नोंदींत त्याचं नाव आढळल्याचं अभ्यासक सांगतात, पण त्याचा उपद्रव म्हणून इतिहास सुरू होतो तो पुण्यात. १९५१ मध्ये प्रा. परांजपे यांना तिथल्या कचऱ्याच्या ढिगांवर ही झाडं दिसली आणि १९५६ मध्ये रोल्ला शेषगिरी राव यांनी मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांची रीतसर नोंद केली. पी. एल. ४८० या धान्य-मदत योजनेखालच्या अमेरिकन गव्हाबरोबर हे बी आलं, ही गोष्ट आपल्याकडे घरोघरी सांगितली जाते. पण त्या योजनेखाली भारताचा करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये, आणि पुण्यातली झाडं त्याआधीची. त्या गव्हानं बी आणखी पसरवलं असेल. पहिलं बी त्यानं आणलं, हे मात्र तारखांत बसत नाही.

१९५६ सालीच १ नोव्हेंबरला बीदर आणि गुलबर्गा हे जिल्हे जुन्या हैदराबाद राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. उदगीर, निलंगा, उमरगा आजच्या महाराष्ट्राच्या बाजूला राहिले. भालकी, औराद, आळंद कर्नाटकाच्या. माणसांना त्या रेषेनं दोन राज्यांचे दाखले आणि दोन भाषांची कार्यालयं दिली. गवताला रेषा लागली नाही. ट्रकच्या चाकांना लागलेल्या चिखलातून, मांजरेच्या पाण्यातून, शेणखतातून, बांधकामाच्या वाळूमुरमातून ते दोन्हीकडे सारखं वाढलं. कायदा मात्र सीमेच्या कर्नाटकाकडच्या बाजूला झाला. कर्नाटकानं १९७५ मध्ये, १९६८ च्या कृषी कीड व रोग कायद्याखाली, या गवताला उपद्रवी तण म्हणून जाहीर केलं. जमीन ज्याची, त्यानं ते काढावं, अशी त्यामागची भूमिका. देशात इतक्या लवकर असं पाऊल उचलणारं राज्य म्हणून त्याचं कौतुक झालं आणि ते योग्यच होतं. पण कायद्यानं जबाबदार धरलेला जमीनमालक आज गावात राहत नाही, ही गोष्ट १९७५ मध्ये कुणाच्या डोळ्यांसमोर असणं शक्य नव्हतं.

त्रासाचं स्वरूप नीट समजून घेतलं पाहिजे, कारण त्यावरच काढण्याची पद्धत ठरते. या झाडातलं पार्थेनिन नावाचं रसायन त्वचेला वावडं उत्पन्न करतं. पुण्यात डॉ. अरविंद लोणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला या त्वचारोगाची साथ वैद्यकीय जगासमोर मांडली. पापण्या, मान, कोपराची खाच, म्हणजे वाऱ्यानं उडालेले कण जिथे साचतात त्या जागी लाली, खाज आणि पुढे जाड, काळवंडलेली कातडी, असं त्याचं चित्र. पहिल्या स्पर्शाला सहसा काही होत नाही. वर्षानुवर्षं बिनघोर उपटणाऱ्या माणसाला एका वर्षी अचानक उठतं आणि मग साध्या वाऱ्यानंही उठत राहतं. परागांचा त्रास वेगळा. १९९१ च्या सुमारास बंगळूरमधल्या एका पाहणीत तिथल्या सुमारे ७ टक्के लोकांना या गवताच्या परागांमुळे नाकाची ॲलर्जी असल्याचं दिसलं होतं. जनावरं हे गवत सहसा टाळतात, पण वैरण कमी पडली की कडब्यात मिसळून पोटात जातं. मग दुधाला कडवटपणा येतो. बंगळूरच्या कृषी विद्यापीठात १९७०च्या दशकात म्हशी आणि वासरांना ते चाऱ्यातून मुद्दाम देऊन पाहिलं, तेव्हा त्यातली बरीच दगावली.

आणि याच गवतात खुरपं आणि उघडे हात घेऊन उतरतात त्या रोजंदारीच्या बायका आणि नगरपालिकेचे पौरकार्मिक, म्हणजे सफाई कामगार. घरमालकानं दोनशे-तीनशे रुपयांवर माणूस लावून गवत काढून घेतलं की त्याचं काम झालं; त्या माणसाच्या हातमोज्याचा विषय निघतच नाही. तो निघाला पाहिजे. जोडीला पन्नास-शंभर रुपयांचे रबरी हातमोजे, तोंडाला फडकं, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि काम झाल्यावर साबणानं आंघोळ, एवढं ठेवणं हे काम सांगणाऱ्याचं कर्तव्य आहे. ज्याला एकदा वावडं सुरू झालं आहे, त्यानं या कामाला हातच लावू नये. त्यानं त्वचेच्या डॉक्टरकडे जावं.

आता महिन्याचा हिशेब. आपल्याकडे मिरग ७-८ जूनला निघतो. त्याच्या पहिल्या चांगल्या सरीनंतर आठवड्या-दोन आठवड्यांत रोपं दिसू लागतात. आर्द्रा संपेपर्यंत, म्हणजे जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, ती जमिनीला चिकटलेली असतात. पुनर्वसूत दांडा निघतो. पुष्य लागला, म्हणजे २० जुलैच्या आसपास, की पहिली फुलं डोलायला लागतात. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाच्या पुढाकारानं देशभर गाजर गवत जागृती सप्ताह होतो, तो १६ ते २२ ऑगस्टला. शाळकरी मुलांच्या फेऱ्या निघतात, अधिकारी फावडी हातात घेतात, फोटो निघतात. या सप्ताहानं विषय लोकांपर्यंत पोहोचवला, हे मान्य. तरी आमच्या भागातल्या घरांसाठी तो उशिरा येतो. तोवर मघा लागलेली असते, पहिल्या तुकडीचं बी तयार होत आलेलं असतं आणि उपटताना झटकलं गेलेलं प्रत्येक झाड आपणच पेरणी करत असल्यासारखं बी सांडतं. घराभोवतीचं काम आर्द्रा-पुनर्वसूत संपलं पाहिजे. ऑगस्टची फेरी ही दुसऱ्या उगवणीसाठी.

उपटायचं ते पाऊस होऊन गेल्यावर, जमीन भिजलेली असताना, मुळासकट. कोरड्या जमिनीतून ओढलं तर दांडा तुटतो आणि बुडातून पुन्हा फुटवे येतात. विळ्यानं वरून कापण्यालाही हाच आक्षेप: कापलेलं झाड बुटकं राहून खालून फुलतं आणि पुढच्या वेळी डोळ्यांना दिसतही नाही. फुलाआधी काढलेला पाला खड्ड्यात शेण आणि मातीचे थर देऊन कुजवला तर चांगलं खत होतं. फुलं आलेलं झाड मात्र खतात टाकायचं नाही. उकिरड्यावर तर मुळीच नाही, कारण तिथून ते शेणखताबरोबर शेतात जातं. ते पोत्यात भरून, तोंड बांधून, उन्हात पूर्ण वाळवायचं. ढीग पेटवून देण्याची सवय वाईट. त्या धुराचा त्रास गल्लीला होतो आणि सांडलेलं बी मातीत सुरक्षित राहतं.

फवारणीविषयी थोडक्यात. भिंतीच्या कडेला, फरशीच्या सांधीत, रस्त्याच्या काठाला, जिथे दुसरं काही लावायचंच नाही, तिथे एका लिटर पाण्यात २०० ग्रॅम मीठ विरघळवून कडक उन्हात फवारलं तर कोवळी रोपं जळतात. हे बागेत, शेताच्या बांधाला किंवा आडाजवळ करू नये. मीठ मातीत राहतं आणि पाण्यात उतरतं. ग्लायफोसेटचे डबे गावोगावच्या कृषी सेवा केंद्रांत सर्रास मागितले जातात. केंद्र सरकारनं २०२२ मध्ये त्याचा वापर परवानाधारक कीड नियंत्रकांपुरता मर्यादित केला. अंगणात मुलं आणि कोंबड्या फिरत असताना त्या औषधाची गरज आहे असं मला वाटत नाही. शिवाय ते सगळंच मारतं आणि उघड्या पडलेल्या जमिनीवर सर्वांत आधी परत येतं ते गाजर गवतच.

या लढ्यातला सर्वांत सुंदर भाग एका भुंगेऱ्याचा आहे. झायगोग्रामा बायकोलोराटा हे त्याचं नाव. आकारानं ज्वारीच्या दाण्याहून थोडा मोठा, पिवळट पांढऱ्या पाठीवर तपकिरी नागमोडी रेघा. मेक्सिकोत तो याच गवतावर जगतो. बंगळूरजवळच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेत के. पी. जयंत यांच्या कामातून तो १९८३ मध्ये भारतात आणला गेला, चाचण्यांनंतर १९८४ मध्ये बाहेर सोडला गेला आणि तीन-चार वर्षांत बंगळूरच्या परिसरात त्यानं गवताची रानंच्या रानं पानाविना उभी केली. भुंगेरा आणि त्याची पिवळट अळी दोन्ही पानं आणि कोवळे शेंडे खातात. शेंडा गेला की फूल नाही, फूल नाही म्हणजे बी नाही.

मग नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कर्नाटकातून तक्रार आली की हा भुंगेरा सूर्यफुलावर बसलेला दिसतो. सूर्यफूल आणि गाजर गवत एकाच कुळातले, आणि उत्तर कर्नाटकात त्या काळी सूर्यफुलाचा पेरा जोरात होता. शेतकरी हवालदिल झाले. आयात केलेला किडा पिकावर उलटणं यापेक्षा मोठी भीती नाही, आणि ती भीती रास्तच होती. भुंगेरे सोडण्याचं काम थांबलं, सरकारनं समिती नेमली. शोध घेता कळलं ते असं: गवताच्या दाटीत असलेल्या सूर्यफुलाच्या पानांवर गवताचे पराग पडतात आणि त्या परागांच्या चवीनं भुंगेरा ते पान कुरतडतो. पराग नसलेल्या पानावर तो तग धरत नाही. पिकाचं खरं नुकसान नाही, असा निर्वाळा मिळाला. मला या प्रकरणात दोन्ही बाजूंविषयी आदर वाटतो. शेतकऱ्यानं डोळ्यांनी पाहिलं ते खरं होतं आणि शास्त्रज्ञांनी ते नाकारलं नाही. त्याचं कारण शोधलं.

आज हा भुंगेरा कर्नाटकात रुळलेला आहे आणि महाराष्ट्रातही. पावसानं जमीन भिजली की तो मातीतून वर येतो, जुलै-ऑगस्टात वाढतो आणि थंडी-उन्हाळ्यात पुन्हा मातीत झोपतो. एखाद्या प्लॉटावर पानांची चाळण झालेली दिसली, तर समजावं तो तिथे आहे. छिद्रं पाडलेल्या डब्यात पाल्यासकट पाचशे-हजार भुंगेरे गोळा करून दुसऱ्या दाट प्लॉटात सोडता येतात. मात्र तो हळू कामाला लागतो. ज्या गल्लीत फुलं आधीच आली, तिथे केवळ त्याच्यावर विसंबून राहता येत नाही. आणि जिथे भुंगेरे सोडले, तिथे फवारणी करायची नाही.

गवताला गवतानंच हटवण्याचा विचार धारवाडला पुढे गेला. तिथल्या कृषी विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले भातशास्त्रज्ञ डॉ. एम. महादेवप्पा यांनी त्यात विशेष लक्ष घातलं आणि ऑक्टोबर १९९७ मध्ये गाजर गवताच्या नियंत्रणावरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद धारवाडलाच भरली. बीदर-गुलबर्गा तेव्हा याच विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात होते. रायचूरचं विद्यापीठ नंतरचं. धारवाडच्या परिसरात तरोट्याच्या जातकुळीतली एक परदेशी वनस्पती गाजर गवताची जागा घेताना दिसली होती. परदेशी उपद्रवावर दुसरी परदेशी वनस्पती पसरवणं मला पटत नाही. आपला ओळखीचा तरोटा तेच काम करतो. तो पहिल्या पावसात गाजर गवताइतक्याच घाईनं उगवतो, दाट वाढतो, त्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी होते आणि तो कुणाच्या अंगावर उठत नाही. घराच्या कुंपणाला लागून झेंडूचा दाट पट्टा लावला तरी हाच परिणाम साधतो, आणि दसऱ्या-दिवाळीला फुलं विकत आणावी लागत नाहीत.

गाजर गवतावरच सगळी नजर राहिली की बाकीचे पाहुणे निसटतात. वेडी बाभूळ, कानडीत बळ्ळारी जाली, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सरपणासाठी मद्रास इलाख्यात आणली गेली. तिच्या गोड शेंगा शेळ्या खातात आणि लेंड्यांतून बी सगळीकडे नेतात. ती जमिनीवरून तोडली तर दहा फांद्यांनी परत येते. बुंध्याभोवती हातभर खणून मुळाचं डोकंच काढावं लागतं, आणि हे काम रोप गुडघ्याएवढं असतानाच सोपं असतं. नाल्याकाठी कुंपण म्हणून लावलेली बेशरम तिच्या तोडलेल्या तुकड्यांतूनही मूळ धरते, म्हणून ती तोडून नाल्यात टाकणं म्हणजे खाली राहणाऱ्यांच्या दारात लावणं. शेळ्यांना ती विषारी आहे. रबीत पिवळा धोत्रा येतो: काटेरी, पांढऱ्या शिरांची पानं, मोडल्यावर पिवळा चीक. त्याचं काळं बी मोहरीत बेमालूम मिसळतं. त्या तेलानं १९९८ मध्ये दिल्लीत अंगावर सूज येण्याची साथ आली आणि माणसं मेली. शेजारच्या रानातली मोहरी सुटी विकत घेताना एवढं ध्यानात असावं.

आणि काही उपटायचं नाही, हेही ठरवून ठेवावं. न लावता उगवलेलं सगळं उपद्रवी नसतं. दूर्वा, आघाडा, तांदुळजा, घोळ, कुर्डू, तरोटा, हे सगळं माणसं शेकडो वर्षं खात किंवा वाहत आली आहेत. महालक्ष्म्यांच्या नैवेद्याच्या सोळा भाज्या गोळा करताना आजही बायका यांच्याच शोधात परसात आणि बांधावर फिरतात. फरशी टाकून, मुरूम ओतून, औषध मारून स्वच्छ केलेल्या अंगणात या भाज्या राहत नाहीत, आणि ती रिकामी जागा गाजर गवताला हवीच असते.

राहतो तो शेजारचा प्लॉट. वसाहतीतल्या दहा घरांनी अंगण लख्ख ठेवलं आणि मधले वीस प्लॉट पांढरे राहिले, तर वारा आणि पावसाचं पाणी पुढच्या वर्षीचं काम करून ठेवतं. नगरसभा किंवा ग्रामपंचायत कराची पावती देते तेव्हा प्लॉटमालकाचा पत्ता आणि फोन नंबर तिच्याकडे असतो. जूनच्या शेवटच्या आठवड्यात एक नोटीस, मुदतीत गवत काढलं नाही तर पंचायतीनं हातमोजे घातलेल्या मजुरांकडून काढून घेऊन खर्च कराच्या थकबाकीत धरणं, यासाठी नवा कायदा लागत नाही. आधीचा पन्नास वर्षं पडून आहे. वसाहतीतल्या लोकांनी अर्ज करायचा तो ऑगस्टात गवत डोक्याएवढं झाल्यावर करून भागणार नाही. तो वैशाखात द्यावा लागतो. आणि प्लॉटमालकाची परवानगी घेऊन त्या रिकाम्या जागेत कुणी हंगामापुरती तूर किंवा चाऱ्याची ज्वारी पेरली, तर त्याइतका चांगला उपाय दुसरा नाही. दाट ज्वारीखाली गाजर गवताला ऊन मिळत नाही.

हा अंक हातात येईल तेव्हा कार्तिक असेल. पावसातली झाडं वाळून उभी असतील, त्यांना आता हलवू नये. काढायचीच तर सकाळी दव असताना, हळूच, पोतं खाली धरून. नळाजवळ आणि मोरीवर नव्यानं उगवलेली हिरवी रोपं मात्र आजच काढता येतील, कारण तीच संक्रांतीपर्यंत फुलतील. आणि रस्त्याच्या कडेला तरोट्याच्या शेंगा याच दिवसांत वाळतात. त्या तडकण्याआधी पिशवीभर झोडून, बी कोरड्या डब्यात ठेवून, मेअखेर मोकळ्या प्लॉटवर दाट विस्कटून टाकलं की मिरगाच्या पहिल्या सरीला ते गाजर गवताबरोबरच उगवतं.